शनिवारची खोटी कुस्ती

भाईंदरला खारी गावाच्या बाजूला जी काही मिठागरं अजून शिल्लक आहेत, त्यांत दिवाळी सरली की खाडीचं पाणी घेतात. आमच्या पाचव्या मजल्याच्या गॅलरीतून ते दिसतं. आधी नुसते चिखलाचे चौकोन, मग त्यांत उतरलेलं आभाळ, मग कडेकडेने पांढरी किनार, आणि संक्रांत झाल्यावर एखाद्या सकाळी पहिला ढीग. या दिवसांत हवेला एक वास येतो, ओला, किंचित कुजका, जिभेवर खारट लागणारा. इतरांना त्या वासाने काय आठवत असेल ते असो. मला एक टीव्ही आठवतो, त्याची लाकडी सरकती दारं आठवतात, आणि त्या दारांआड एका हंगामात दर शनिवारी चाललेलं एक अत्यंत फालतू थोतांड आठवतं.

शब्द कडक वाटेल, पण दुसरा सापडत नाही. सापडला असता तरी मी वापरला नसता. उभी हयात शाळेत शिकवण्यात गेली. चुकीच्या उत्तरावर लाल फुली मारताना माझा हात कधी अडखळला नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भाईंदर पूर्वेला आमची आठ खोल्यांची चाळ होती. मागच्या दारातून निघालं की दहा मिनिटांत मिठागराचा बांध. आम्ही मूळचे महाडकडचे. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला होते. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या भुवयांवर काळी पूड असायची आणि तांब्या-पेल्यात तोंड दिसतं की नाही हे ते सवयीने बघायचे. मी खारीच्या प्राथमिक शाळेत नुकतीच लागले होते. वय बावीस, जीभ त्या मानाने बरीच मोठी.

चाळीचे मालक कांतिभाई. खाली त्यांचं धान्याचं दुकान, वर घर. त्या वर्षी दिवाळीत त्यांनी टीव्ही आणला आणि आमच्या चाळीला नवा देव मिळाला. छपरावर अँटेना, तिचं तोंड दक्षिणेला, मुंबईकडे. वाऱ्याने ती फिरली की पडद्यावर मुंग्या. मग कुणीतरी वर चढायचं, कुणीतरी खिडकीतून ओरडायचं, "थोडं डावीकडे! अजून! बस, बस, हलू नका!" आणि वरचा माणूस चित्र न बघता अर्धा तास अँटेना धरून उभा. असा हा देव.

शनिवारी संध्याकाळी कुस्ती लागायची. फ्रीस्टाइल म्हणायचे तिला. मुंबईत कुठल्याशा सभागृहात रविवारी दुपारी तिचं चित्रण करायचे आणि पुढच्या शनिवारी दाखवायचे. कांतिभाईंच्या बाहेरच्या खोलीत चाळीतली झाडून सगळी माणसं मांडी घालून बसायची. मालकाच्या कुटुंबाला खुर्च्या. मिठागरावर काम करणारी शेजारची जनाबाय भेगाळलेल्या टाचा पदराखाली झाकून दाराशी बसायची, कारण कांतिभाईंच्या बायकोला फरशीवर मिठाचे डाग चालत नसत. अप्पा पुढच्या रांगेत. आई स्वयंपाक आटपून उशिरा यायची आणि आल्या आल्या विचारायची, "आपला कुठला?"

आपला म्हणजे वज्रकुमार. गोरापान, तेल चोपडलेले केस, अंगावर चकचकीत झगा. झगा गुलाबी आहे असं निवेदक सांगायचा, आम्हाला तो करडाच दिसायचा. वज्रकुमार हात जोडून चारी बाजूंना नमस्कार करायचा. मग त्याचा प्रतिस्पर्धी यायचा, आणि तो नेहमी कुणीतरी भयंकर असायचा. सगळ्यांत भयंकर म्हणजे काला बिच्छू. डोक्यापासून गळ्यापर्यंत काळा मुखवटा, डोळ्यांना दोन भोकं. हा तुर्कस्तानातून आलाय, त्याला माणसाची भाषा येत नाही, असं निवेदक घसा ताणून सांगायचा. तुर्कस्तानात माणसं राहत नसावीत असा एकूण सूर.

पुढे काय व्हायचं ते दर शनिवारी तेच. बिच्छू आधी वज्रकुमारला बदडायचा. मग कमरेच्या पट्ट्यातून लोखंडी कडं काढून बोटांत चढवायचा. सगळ्या सभागृहाला दिसायचं, भाईंदरला मुंग्यांतून दिसायचं, फक्त तीन हातांवर उभ्या असलेल्या पंचाला दिसायचं नाही. तो नेमका तेव्हाच बुटाची नाडी बांधायचा. वज्रकुमार कपाळ धरून लोळायचा. आमच्या खोलीत बायका चुकचुकायच्या. मग अचानक वज्रकुमारच्या अंगात बळ संचारायचं, तो बिच्छूला डोक्यावर उचलून गरागरा फिरवून आपटायचा, आणि पंचाची नाडी बांधून व्हायची. एक, दोन, तीन. टाळ्या.

मी पहिल्याच शनिवारी म्हणाले, "अप्पा, हे खोटं आहे."

"तुला काय कळतंय कुस्तीतलं?"

"कुस्तीतलं नाही. पण मारायच्या आधीच तो पडतो, हे कळतंय."

"गप बस. सगळ्यांचा विरस करू नको."

दिवसभर भांडं घासून त्यात स्वतःचा चेहरा शोधणारा हा माणूस, ज्याला एक ओरखडा लपवलेला चालत नसे, तो पुढे सरकून ओरडायचा, "मार साल्याला! तोड त्याची तंगडी!" त्या अर्ध्या तासापुरता माझ्या वडिलांबद्दलचा माझा आदर मी दाराबाहेर चपलांपाशी ठेवून यायची. चाळीबद्दल मुळात फार नव्हताच.

त्या सगळ्या तमाशात एकच गोष्ट माझ्या लक्षात राहायची. काला बिच्छू रिंगणात शिरताना वाकायचा. दोन बोटं खालच्या गादीला लावायचा आणि मग छातीला. अगदी झटकन, कुणी बघू नये असं. तुर्कस्तानात अशी पद्धत असावी, असं मी उपहासाने फिलोमिनाला सांगितलं होतं. फिलोमिना माझ्याच शाळेत होती, उत्तनच्या कोळीवाड्यातली. तिच्या घरी टीव्ही नव्हता, म्हणून सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिला कुस्तीची नक्कल करून दाखवायची. ती हसून हसून डबा सांडायची.

माघात आत्याने माझ्यासाठी स्थळ आणलं. मुलगा घाटावरचा, जावळीकडचा. नाव महादेव. लालबागला गिरणीत कामाला, गिरणीच्याच तालमीत राहणारा. गावच्या जत्रांत बऱ्याच कुस्त्या मारलेल्या. "निर्व्यसनी आहे," आत्या म्हणाली. "दूध पितो." हे तिने अशा थाटात सांगितलं की जणू बाकीची दुनिया डांबर पिते.

रविवारी सकाळी तो थोरल्या भावाबरोबर आला. उंच, रुंद, मान जवळजवळ नाहीच, दोन्ही कान मुडपून कडक झालेले. खोलीत शिरताना डावा पाय किंचित जपून टाकत होता. कांतिभाईंकडून आणलेल्या खुर्चीवर तो इतका सांभाळून बसला की खुर्चीपेक्षा त्याचीच काळजी वाटावी. बोलणी भाऊच करत होता. मी चहा दिला, प्रश्नांची उत्तरं दिली, आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "मला यांच्याशी पाच मिनिटं बोलायचंय."

आई लाल झाली. पण मी कमावती होते. कमावत्या मुलीचा आगाऊपणा लोक नाइलाजाने चालवून घेतात. आम्ही मागच्या दारी पाण्याच्या पिंपापाशी जाऊन उभे राहिलो. समोर बांधापर्यंत सगळं पांढरं. जनाबाय आणि दुसऱ्या बायका लाकडी फळीने मीठ ओढत होत्या. खर्र, खर्र असा आवाज येत होता.

मी विचारायच्या आधी तोच बोलला. "एक गोष्ट सांगायचीय. भावाला ठाऊक नाही. गावी आईलाही नाही."

"सांगा."

"तुमच्याकडं टीव्हीवर कुस्ती बघतात का? शनिवारची?"

"अख्खी चाळ बघते."

"त्यात तो काला बिच्छू असतो ना," तो पिंपाकडे बघत म्हणाला, "तो मी."

माझ्या तोंडून एकच अक्षर निघालं. "शी!"

त्याने मान हलवली. आपल्याला हेच ऐकायला मिळणार हे त्याला बहुधा माहीत होतं. "बरोबर आहे," तो म्हणाला. "पावसाळ्यात गुडघा निखळला. तालमीतल्या लोकांनी सांगितलं, आता तू जोड घेऊ नको, आखाड्यात उतरू नको. मग ते फ्रीस्टाइलचे कंत्राटदार आले. म्हणाले, जिंकायचं नाहीच आहे, गुडघा कशाला पाहिजे?"

"आणि कितव्या मिनिटाला हरायचं तेही तेच सांगतात?"

"हो. कागद असतो."

"लाज नाही वाटत?"

"मुखवटा असतो," तो म्हणाला. हे विनोदाने म्हटलेलं नव्हतं. त्या माणसाला विनोद करता येत नाही. लग्नानंतर मी खात्री करून घेतली.

मी जायला वळले, तेव्हा त्याने खिशातून दोन पास काढले. "पुढच्या रविवारी दुपारी आहे. यायचं असेल तर या, बघा, मग ठरवा. नाही आलात तर भावाला नकार कळवा. पण कारण सांगू नका. तेवढं करा."

"मला तुम्ही सांगितलंतच कशाला? कधी कळलंही नसतं."

"लग्नानंतर तुम्ही शनिवारी इथं माहेरी टीव्हीसमोर बसला असतात," तो खोलीकडे हात करून म्हणाला, "आणि मला काही ठाऊकच नसल्यासारखं रोज तुमच्यासमोर वावरावं लागलं असतं. ते जमलं नसतं मला."

आजही कुणी मला विचारलं की तू त्या माणसात काय पाहिलंस, तर त्या क्षणी मी काहीही पाहिलं नव्हतं. मला फक्त किळस आली होती. जत्रेत लोकांनी खांद्यावर घेतलेला माणूस दर आठवड्याला एका पावडर लावलेल्या बाहुल्याकडून आपटून घेतो, आणि वर पास वाटतो! नकार मनात पक्का होता. पास ठेवून घेतले ते एवढ्यासाठी की खोटेपणा जवळून कसा दिसतो ते बघायचं होतं. नक्कल अजून चांगली करता आली असती.

फिलोमिनाला सांगितलं. ती म्हणाली, "चल, जाऊ या. कुस्ती पण बघू, नवरा पण बघू. नंतर नाय म्हणायला कितीसा वेळ लागतो?"

आई-अप्पांना शाळेच्या कामाचं निमित्त सांगून आम्ही मुंबईला गेलो. सभागृहात दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. टीव्हीवर जे भव्य वाटायचं ते जवळून पाहिलं की शिसारी यावी असं होतं. गादीला ठिगळं, दोरांना चिकटपट्ट्या. वज्रकुमार आला. झगा खरंच गुलाबी होता, पण काखेत काळा पडलेला. झगा काढल्यावर पोट रुंद पट्ट्याने आवळलेलं दिसलं, आणि गळ्यापर्यंत लावलेली पावडर घामाने ओघळत होती. चार पायऱ्या चढूनच त्याला धाप लागली होती.

मग बिच्छू आला. वाकला, दोन बोटं गादीला, मग छातीला. फिलोमिनाने मला कोपर मारलं. "हा तुझा?"

"माझा कुठला!"

कुस्ती सुरू झाली आणि मला जे दिसलं ते कांतिभाईंच्या त्या मुंग्यांच्या पेटीत कधीच दिसलं नसतं. सगळं काम हरणारा माणूस करत होता. वज्रकुमारने धक्का दिला की महादेव स्वतःच्या बळावर चार हात मागे उडायचा. वज्रकुमारने त्याला डोक्यावर उचललं, तेव्हा त्याने आधी चांगल्या पायाने जमिनीवरून उडी घेतली, एक हात वज्रकुमारच्या खांद्यावर रोवून आपलं वजन आपणच पेललं, आणि दुसऱ्या हाताने त्याची मान धरली. पडू नये म्हणून. म्हणजे वज्रकुमार पडू नये म्हणून. तो हीरो नुसता हात वर करून उभा होता आणि लोक त्याच्या नावाने बेंबीच्या देठापासून ओरडत होते. त्या ओरडणाऱ्यांत चांगली इस्त्रीचे कपडे घातलेली, शिकलेली माणसं होती. आमच्या चाळीचं मला तेव्हा थोडं कमी वाईट वाटलं.

मग वज्रकुमार दोरावर चढला. खाली बिच्छू उताणा पडलेला. वज्रकुमारने बाजूला उडी मारायची आणि बिच्छूने लागल्याचं सोंग करायचं, असं ठरलेलं असणार. पण याला धाप लागलेली, घामाने पाय सटकला असेल, किंवा पर्वाच नसेल. तो सगळ्या वजनानिशी महादेवच्या डाव्या गुडघ्यावर पडला.

"आई गं!"

दुसऱ्या रांगेपर्यंत स्वच्छ ऐकू आलं. तुर्कस्तानातून आलेला, माणसाची भाषा न येणारा काला बिच्छू "आई गं" म्हणाला, आणि आजूबाजूच्या एकाही माणसाला त्यात काही खटकलं नाही. लोक टाळ्या पिटत होते. मागून कुणीतरी ओरडलं, "और एक बार!" वज्रकुमारने त्या दिशेला नमस्कार केला आणि तो पुन्हा दोरावर चढायला लागला.

माझी नखं फिलोमिनाच्या दंडात रुतली होती. तिने दुसऱ्या दिवशी खुणा दाखवल्या.

महादेव उठला. एका पायावर. वज्रकुमारची पाठ त्याच्याकडे होती, एक पाय दोरावर. महादेवने तो पाय धरून खेचला. त्याला पट काढणं म्हणतात हे मला नंतर कळलं. त्यात उडी नव्हती, गिरकी नव्हती, बघण्यासारखं काही नव्हतंच. डोळ्याचं पातं लवायच्या आत वज्रकुमार गादीवर उताणा होता, दोन्ही खांदे टेकलेले, आणि महादेव त्याच्या छातीवर कोपर रोवून आडवा पडलेला होता.

टाळ्या मध्येच थांबल्या. पंच बघतच राहिला. त्याचा हात वरच्या वर राहिला, खाली येईना.

आणि फिलोमिना उभी राहून मोजायला लागली. चर्चमध्ये गाणारी बाई ती, गळा खणखणीत. "एक! दोन! तीन! चार!" लोक वळून बघायला लागले. "पाच! सहा!" वज्रकुमार पाय झाडत होता, मासा झाडतो तसे. "सात!"

सातला महादेवने सोडलं. तो बाजूला सरकला, स्वतः होऊन उताणा झाला, आणि शेजारी धापा टाकत पडलेल्या वज्रकुमारचा हात धरून त्याने स्वतःच्या छातीवर ओढून घेतला. पंचाचा हात लगेच खाली आला. एक, दोन, तीन. टाळ्या.

त्यानंतरच्या कुस्त्या आम्ही पाहिल्या नाहीत. बाहेर येऊन मागच्या फाटकापाशी थांबलो. आत कंत्राटदाराचा आवाज चढलेला होता. "हीरो को गिराता है? कल से आने का नहीं, समझा?" थोड्या वेळाने महादेव भिंत धरून बाहेर आला. मुखवटा नव्हता. चेहरा पांढराफटक. मला पाहून त्याने सरळ उभं राहायचा प्रयत्न केला.

"गुडघा दाखवला का कुणाला?" मी विचारलं. आवाज माझा, पण जरा चिरका.

"घरी जाऊन शेकतो."

"शेकतोय म्हणे!" फिलोमिना म्हणाली. "हात द्या इकडं. शैला, तू त्या बाजूनं धर." लग्न ठरायच्या आधीच मी त्या माणसाचा दंड भर रस्त्यात धरला. फिलोमिना दुसऱ्या बाजूला होती, एवढीच काय ती अब्रू. त्याला डॉक्टरकडे पोचवलं. गुडघा कायमचा कामातून गेला होता.

शनिवार आला. घरी मी अवाक्षर काढलं नव्हतं. मला तो पट बघायचा होता. मुंग्यांतून का होईना, चाळीने तो बघावा, अप्पांनी बघावा, असं मला आतून फार वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या कार्यक्रमासाठी वेळेवर जाऊन बसले. अप्पांना केवढा आनंद झाला. "ये, इथे पुढे बस," म्हणाले.

सगळं तसंच दिसलं. धक्के, उड्या, गरागरा फिरवणं. वज्रकुमार दोरावर चढला, उडी मारली. कांतिभाईंनी मांडीवर थाप मारली. माझे अप्पा ओरडले, "अस्सं! अजून एक दे! मोड तंगडी साल्याची!"

आता उठेल. आता पाय धरेल.

पडद्यावर टाळ्या वाजवणारे लोक आले. तेच, इस्त्रीवाले. बराच वेळ तेच दाखवत राहिले. मग पुन्हा रिंगण, बिच्छू उताणा, त्याच्या छातीवर वज्रकुमारचा हात. एक, दोन, तीन. "वज्रकुमार की एक और शानदार जीत!" बस. मधलं काही घडलंच नव्हतं. कापून टाकलं होतं.

मी उभी राहिले. बरोबर टीव्हीसमोर.

"तो माझा होणारा नवरा आहे," मी म्हणाले.

"कोण? वज्रकुमार?" आईने विचारलं. तिचे डोळे चमकलेलेही मला दिसले.

"नाही. खाली पडलाय तो."

दाराशी बसलेली जनाबाय पुटपुटली, "आगं बाय! यो बुरखेवाला?" आणि कांतिभाई खुर्चीतून मान तिरकी करून म्हणाले, "वो सब ठीक है, लेकिन तू बैठ ने बेन. पीछे दिखता नहीं."

या वाक्यासाठी मी कांतिभाईंना माफ केलेलं नाही. ते गेले तेव्हाही नाही.

घरी आल्यावर अप्पांचा पारा चढला. "तोंड झाकून मार खाणाऱ्याला पोरगी देऊ? लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते आत्ताच ऐकलं मी," मी म्हणाले. "त्याची तंगडी मोड म्हणत होते. तुम्हीच म्हणालात. मोडली आहे, अप्पा. कायमची."

मग मी सगळं सांगितलं. पास, आई गं, दोरावरचा पाय, पट. अप्पा भुवईवरची काळी पूड चोळत बसले. शेवटी हळूच म्हणाले, "खरंच पाठ लावली त्याची?"

"सातपर्यंत मोजलं फिलोमिनाने."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच लालबागला गेले. परत आले ते सरळ मोरीत जाऊन खूप वेळ हात धुत राहिले. आईने विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "मला बघून उठायला गेला. उठता येईना. मी बसा बसा म्हणतोय, तरी उठला." एवढंच बोलले आणि जेवायला बसले. त्यानंतर ते कांतिभाईंकडे शनिवारी गेले नाहीत. चाळ जात राहिली.

वैशाखात आमचं लग्न झालं. पावसाआधी मिठाचे ढीग गवताने शाकारायची मिठागरावर घाई चाललेली होती. जनाबाय कामावरून तशीच मांडवात आली, पायाला मीठ घेऊन, आणि आईने तिला पहिल्या रांगेत बसवलं. फिलोमिना उत्तनहून तिच्या आईने शिवलेलं झालर लावलेलं उशीचं कव्हर घेऊन आली.

लग्नानंतर ह्यांनी गिरणी सोडली आणि अप्पांच्या शेजारी पॉलिशला बसले. बसून करायचं काम, गुडघ्याला चालणारं. दोघं तासन्‌तास न बोलता शेजारी शेजारी भांडी घासायचे, आणि घरी येऊनही फार बोलायचे नाहीत, पण एकमेकांना चहाचा कप आधी पुढे करायचे. तो कार्यक्रम त्याच उन्हाळ्यात बंद पडला. चाळीने दुसरं काहीतरी शोधलं. चाळीला काहीतरी लागतंच. आज आमच्या इमारतीतल्या पार्किंगमध्ये मुलं मोबाइलवर परदेशातले तसलेच पैलवान बघतात, धूर, दिवे, आतषबाजी, आणि पंच अजूनही नेमका त्याच वेळी दुसरीकडे बघतो. इतक्या वर्षांत त्यांना पंच बदलायचंही सुचलं नाही.

काही वर्षांपूर्वी पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती. वज्रकुमार वारला. सोबत जुना फोटो, झगा घातलेला. खाली लिहिलं होतं, "कारकिर्दीत एकदाही पाठ न लागलेला अजिंक्य मल्ल." मी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि कागद-पेन घेऊन बसले. संपादकाला चार खणखणीत ओळी लिहायच्या होत्या. मजकूर तर डोक्यात कधीचा तयार होता.

हे गॅलरीत गुडघ्याला तेल चोळत होते. म्हणाले, "कशाला लिहितेस?"

"कशाला म्हणजे? खोटं आहे म्हणून. मी समोर होते. सातपर्यंत मोजलंय."

"पंचानं कुठं मोजलं होतं?"

"अहो, पण तुम्ही सोडलंतच का? धरून ठेवायचं होतं. पंचाला कधीतरी हात खाली आणावाच लागला असता." हा प्रश्न मी आयुष्यभर विचारत आले होते, आणि दर वेळी हे "सोडलं झालं" म्हणून उठून जायचे. त्या दिवशी उठले नाहीत.

"तो बोलला मला," हे म्हणाले. "खाली पडल्या पडल्या. हळू, कुणाला ऐकू जाणार नाही असं. 'मेरी बेटी सामने बैठी है. छोड दे.'"

मी पेन खाली ठेवलं. "मीही समोरच बसले होते की."

"हो," हे म्हणाले. "पण तुला खरं काय ते ठाऊक होतं. तिला नव्हतं."